वारसा-जतनाच्या निर्णयाविरुद्ध अपील करताना

आपली वास्तू वारसा यादीत घातली गेली किंवा तिच्यातील बदलाची परवानगी नाकारली गेली, तर आधी लेखी आदेशाची प्रमाणित प्रत मागावी आणि ती हाती आल्याची तारीख लगेच नोंदवावी. कारण अपिलाची मुदत उलटली की भक्कम बाजूही सहसा ऐकून घेतली जात नाही.

अपील म्हणजे नव्याने सुनावणी, हा समज मालकांचे फार नुकसान करतो. बऱ्याच ठिकाणी अपिलात मूळ सुनावणीची कागदपत्रेच तपासली जातात, म्हणून पुरावा पहिल्याच टप्प्यावर दाखल करावा. खिडकीची चौकट कुजली असेल, तर खालच्या लाकडात पेचकस किती खोल रुततो याचे मोजपट्टीसह छायाचित्र, सुताराचा लेखी अभिप्राय आणि दुरुस्ती व बदल या दोन्हींची अंदाजपत्रके जोडावीत.

नोटीस मिळाली नाही, म्हणणे मांडू दिले नाही, आदेशात कारणे नाहीत किंवा नियमातील निकष डावलले, हे मुद्दे सर्वांत वजनदार ठरतात. नुसता नफा बुडाल्याची तक्रार मात्र टिकत नाही: न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधू न दिल्याबद्दल मालक कंपनीने केलेला नुकसानभरपाईचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये फेटाळला, कारण स्थानकाचा चालू वापर आणि त्यातून मिळणारा वाजवी परतावा कायम होता. आर्थिक अडचण खरोखरच असेल, तर उत्पन्न, कर आणि देखभालीच्या खर्चाचे हिशेब द्यावेत.

निकाल लागेपर्यंत कामाला हात लावू नये.