पार्सर जनरेटर निवडताना

पार्सर म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, आणि भाषेच्या व्याकरणावरून तो तयार करून देणारं साधन म्हणजे पार्सर जनरेटर. त्यातला कोणता घेऊ, असं कुणी नवखं विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. वाचायची भाषा कोणती? आणि तयार होणारा पार्सर कोणत्या भाषेतल्या प्रोग्रॅमला जोडायचाय? दुसऱ्या उत्तरानेच बरीचशी यादी गळून पडते. सी किंवा सी++ असेल तर बायसन, सोबत टोकन, म्हणजे कोडचे शब्द-चिन्हांसारखे सुटे तुकडे, पाडायला फ्लेक्स. ओकॅमल असेल तर मेनहिर, नुसतं पायथन असेल तर लार्क. अँटलर जावात लिहिलेलं असलं तरी त्यातून पायथन, गो, जावास्क्रिप्टमधलेही पार्सर निघतात. एडिटरसाठी काम असेल तर सरळ ट्री-सिटर घ्या. अर्धवट टाइप केलेल्या कोडच्या रचनेचंही झाड ते बांधून देतं.

खरा कस लागतो तो पहिल्या प्रश्नात. एक इफ, त्याच्या पोटात दुसरा इफ, आणि शेवटी एकच एल्स. तो एल्स कुणाचा? बायसन नेहमीच्या पद्धतीत पुढचं एकच टोकन बघून ठरवतं, म्हणून इथे ते शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्टची (पुढचं टोकन आत घ्यायचं की आधीचा भाग तिथेच पूर्ण करायचा, या पेचाची) सूचना देतं आणि एल्स जवळच्या इफला जोडून मोकळं होतं. बहुतेक भाषांना तेच हवं असतं. तरीही अशी प्रत्येक सूचना उलगडून बघाच. बायसन ३.७ पासून एकच वाक्य दोन तऱ्हांनी कसं वाचता येतं, याचं उदाहरणच मागता येतं. शिकणाऱ्यासाठी मला ही सोय फार मोलाची वाटते.

पेग या व्याकरण लिहिण्याच्या वेगळ्या पद्धतीच्या साधनांत असा तंटा दिसतच नाही, कारण जो पर्याय आधी लिहिला आणि जुळला, तोच घेतला जातो. ही पद्धत भक्कम आहे, २०२० मध्ये पायथन ३.९ तिच्यावरच गेलं. पण संदिग्धता दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच, असं धरू नका.

व्याकरण कोऱ्या पानापासून लिहिण्याआधी अँटलरचा 'ग्रामर्स-व्ही४' हा संग्रह चाळा. जी फाइल घ्याल ती भाषेच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते बघा आणि रोजच्या वापरातला खराखुरा कोड तिच्यातून जाऊ द्या. फाइलचं लायसन्स वेगळं वाचा, कारण ते साधनाच्या लायसन्ससारखं असेलच असं नाही. बायसन जीपीएल या, पुढचं वितरणही खुलंच ठेवायला लावणाऱ्या लायसन्सखाली आहे, पण त्यातून निघालेल्या पार्सरला खास सवलत आहे, त्यामुळे तो बंदिस्त प्रोग्रॅममध्येही चालतो. अँटलरचा पार्सर मात्र त्याच्या रनटाइम लायब्ररीशिवाय (चालताना लागणाऱ्या तयार कोडशिवाय) चालत नाही. तीही सोबत द्यावी लागते.

सी वाचायची असेल तर 'ए * बी;' ही ओळ आधी तपासा. ए हे टाइपडेफने, म्हणजे टाइपला नवं नाव देणाऱ्या सोयीने, दिलेलं नाव असेल तर ही पॉइंटरची घोषणा, नाहीतर गुणाकार. नुसत्या व्याकरणातून हे ठरत नाही, नावांची नोंद लेक्सरपर्यंत, म्हणजे टोकन पाडणाऱ्या भागापर्यंत, पोचवावी लागते. जीसीसी या कंपायलरने सी++ साठी ३.४ मध्ये आणि सीसाठी ४.१ मध्ये बायसन सोडून हाताने लिहिलेले पार्सर घेतले. तुमच्या भाषेत अशा जागा फार असतील, तर तो रस्ताही सुरुवातीलाच विचारात घ्या.