अंगावरून वारं गेलं, तर पहिल्या तासात काय करायचं

पक्षाघाताचा झटका आला की डॉक्टर साडेचार तासांची मुदत सांगतात. मेंदूची वाहिनी बंद करणारी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं ते या वेळातच. मेंदूच्या पेशी मरतात म्हणून ही मुदत, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे. ती कशी खचते हे एकदा कळलं की घरी काय करायचं नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, टाइल्समधल्या फटी व्हाइट सिमेंटने बुजवाव्यात तशा. त्यांच्याबाहेर एक पातळ पडदा आणि त्यावर आधार देणाऱ्या पेशींची मिठी. ही सगळी मिळून ब्लड-ब्रेन बॅरियर. रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं, हे तीच ठरवते.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली आलं की हात लुळा पडतो, जीभ जड होते. पण पेशी अजून जिवंत असतात. १० च्या खाली गेलं की त्या मरू लागतात. ऊर्जा संपल्याने पेशींमधले क्षार बाहेर टाकणारे पंप बंद पडतात आणि काही मिनिटांतच पेशी पाणी शोषून फुगतात. भिंतीची पडझड पुढच्या काही तासांत होते. एमएमपी-९ सारखी विकरं (एन्झाइम्स) तो पातळ पडदा आणि सांधे कुरतडतात. आधी पाणी आणि क्षार झिरपतात, मग प्रथिनं, शेवटी तांबड्या पेशी. अशा कुरतडलेल्या भिंतीवर रक्ताचा पूर्ण दाब परत आणला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्यात गुठळी विरघळवणारं औषध स्वतःच ही विकरं वाढवतं. म्हणून उशीर झाला की तेच इंजेक्शन घातक ठरतं.

ओळखायचं असं: हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतंय का पाहा. दोन्ही हात समोर उचलून दहा सेकंद धरायला सांगा, एक खाली येतो का? 'आज सकाळी पाऊस पडला' एवढं म्हणायला सांगा. तिन्हींपैकी एक जरी बिघडलं तरी १०८ लावा. अचानक तोल जाणं किंवा एका डोळ्याने दिसेनासं होणं, हेही त्यातच धरा. पाच मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं, तरी त्याच दिवशी दाखवा. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो.

आता वेळ लिहून ठेवा. 'कधी दिसलं' ही वेळ नको. माणूस शेवटचा धडधाकट कधी होता, ती हवी. रात्री अकराला नीट बोलून झोपला आणि सकाळी साडेसहाला तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ अकराला सुरू झालं. अशा रुग्णालाही लगेच न्यायचंच. पाणी शिरून सुजलेला मेंदूचा भाग एमआरआयत किती उजळलाय यावरून डॉक्टर वेळेचा अंदाज बांधतात, आणि मोठी गुठळी निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत नळीने काढता येते.

घरात सर्वांत जास्त नुकसान करते ती बीपीची गोळी. बीपी २००/११० दिसलं की कुणीतरी घाबरून जिभेखाली गोळी ठेवतं. वाहिनी बंद असताना आजूबाजूच्या छोट्या फांद्यांतून रक्त ढकलायला शरीराने स्वतःच तो दाब वाढवलेला असतो. तो एकदम पाडला तर तग धरून असलेला भागही उपाशी मरतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर रुग्णालयात बीपी १८५/११० च्या खाली आणतात, कारण कमकुवत भिंत जास्त दाब सोसत नाही. पण ते हळूहळू, शिरेतून आणि नजरेखाली केलं जातं. ॲस्पिरिनही देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. पाण्याचा घोट फुफ्फुसात जाऊ शकतो, तोही नको. व्हॉट्सॲपवरचं बोटं टोचून रक्त काढणं तर मुळीच नको. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजा. साखर फार खाली गेली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, आणि फार वर असेल तर भिंत आणखी लवकर फुटते. आकडा सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. रुग्णाचं वजनही सांगा: अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम देतात, जास्तीत जास्त ९०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५४, त्यातलं ५.४ एका मिनिटात, उरलेलं तासाभरात.

मुंबईत वेळ खातात ते जिने आणि रस्ते. लिफ्ट नसलेल्या चाळीत शुद्धीतल्या रुग्णाला भक्कम खुर्चीत चादरीने बांधून दोघांनी उतरवावं. वाटेत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात थांबू नका. संध्याकाळी सात वाजता बोरिवलीहून नावाजलेल्या रुग्णालयासाठी दक्षिण मुंबई गाठायचा हट्टही नको. केईएम, नायर, सायन यांपैकी जे जवळ असेल ते, किंवा घराजवळचं खासगी. पण आजच फोन करून विचारा: रात्री सीटी होतो का? इंजेक्शन साठ्यात असतं का? ते देणारा डॉक्टर रात्री असतो का? उत्तरं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

इंजेक्शननंतर चोवीस तास बीपी १८०/१०५ च्या आत ठेवतात. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग तासातासाने मोजतात. अचानक डोकेदुखी, उलटी किंवा हात पुन्हा जड झाला तर नर्सला तत्काळ हाक मारा. ड्रिप थांबवून पुन्हा सीटी करावा लागतो. भिंतीतून झिरपलेल्या पाण्याची सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळसाला जाते. त्या दिवसांत रुग्णाला झापड येत असेल तर 'थकलाय, झोपू दे' म्हणू नका. हाक मारा, हात दाबायला सांगा, आणि प्रतिसाद कालच्यापेक्षा मंद वाटला तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा.