हॅच गळतंय? ट्यूब घेण्याआधी सांधा ओळखा

बोटीच्या डेकवरच्या हॅचमधून (म्हणजे उघडझाप होणाऱ्या काचेच्या झाकणातून) खालच्या गादीवर पाणी ठिबकायला लागलं की माणूस फटी बुजवणारं सीलंट घ्यायला दुकान गाठतो आणि विचारतो, "सगळ्यात चिवट सीलंट कुठलं?" मीही एकदा तेच विचारलं होतं. चिवट ट्यूब मिळाली, गळती थांबली. काही वर्षांनी चौकट काढायची वेळ आली, तेव्हा तिच्याबरोबर डेकचा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत थरही टवक्या-टवक्यांनी निघून आला. सीलंटने आपलं काम चोख केलं होतं, प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं ते हे: फट कुठल्या दोन वस्तूंमधली आहे, त्या किती हलतात, आणि पुढे कधी सोडवाव्या लागतील का?

एका हॅचमध्ये तीन वेगवेगळे सांधे असतात. चौकट आणि डेक यांच्यातला पहिला, पारदर्शक काच (ती बहुधा ॲक्रिलिकची असते) आणि ॲल्युमिनियमची चौकट यांच्यातला दुसरा, आणि झाकण बंद होतं तिथल्या रबरी पट्टीचा तिसरा. तिन्हींना एकच ट्यूब चालेल असं कुणी सांगितलं, तर त्याने बहुतेक एकच सांधा पाहिलेला असतो.

आधी गळती पकडा

कोरडा दिवस बघा आणि सोबतीला कुणीतरी घ्या. आतलं अस्तर काढता येत असेल तर काढा, कारण पाणी अस्तरामागून वाट काढत भलतीकडेच ठिबकतं. खालच्या माणसाने चौकटीच्या चारही बाजूंना टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावून ठेवायच्या. वरच्याने नळीला फवारणीचं तोंड न लावता पाणी हळू सोडायचं आणि खालून वर जायचं. आधी फक्त डेक आणि चौकटीचा सांधा, पाच मिनिटं. मग काचेची कड. शेवटी झाकणाची फट. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर काहीच कळणार नाही.

पट्टीचा संशय असेल तर कडेच्या ज्या भागावर ती टेकते तिथे खडू फिरवा, झाकण बंद करून उघडा. पट्टीवर खडूची रेघ जिथे तुटली असेल, तिथून पाणी येतं. आणि थंड सकाळी चौकटीच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखेच थेंब दिसले, तर ती गळती नव्हे. आतली वाफ थंड धातूवर जमते, तिला सीलंट काय करणार?

काच आणि चौकट: इथेच खरी गंमत आहे

तापमान वाढलं की ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट पसरतं. 500 मिलिमीटरची काच 40 अंशांनी तापली तर ती सुमारे 1.4 मिलिमीटर वाढते, चौकट मात्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे रोज दुपारी आणि रोज रात्री या सांध्यात जवळपास एका मिलिमीटरची ओढाताण चालते. इथे ताकदीपेक्षा लवचीकपणा महत्त्वाचा, आणि ताणाला पुरेल इतकी सीलंटची जाडीही. काचेखाली निदान 3 मिलिमीटरचा थर हवा.

या जागी मी न्यूट्रल क्युअरचं (सुकताना आम्ल न सोडणारं), इमारतींच्या काचांसाठी बनवलेलं स्ट्रक्चरल सिलिकॉन वापरतो. डाऊ 795 हे त्यातलं ओळखीचं नाव. उन्हाला ते दाद देत नाही आणि ॲक्रिलिकला इजा करत नाही. बाथरूमचं सिलिकॉन मात्र नको. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक प्रकारचं आहे, ते सुकताना ॲल्युमिनियमला खातं.

पॉलिसल्फाइड प्रकारचं सीलंट इथे अजिबात नाही. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्हींना ते बाधतं. साधं पॉलियुरेथेन प्लास्टिकला नीट धरत नाही, शिवाय पारदर्शक काचेतून ऊन थेट चिकटलेल्या पृष्ठभागावर पडतं आणि पकड सुटते. सिकाफ्लेक्स 295 यूव्ही हे पॉलियुरेथेनच असलं तरी प्लास्टिकच्या खिडक्यांसाठीच केलेलं आहे. पण त्याच्याबरोबर सांगितलेला प्रायमर लावायचा कंटाळा असेल तर तेही घेऊ नका.

चौकट आणि डेक

इथे स्क्रू पकड देतात, सीलंटने फक्त पाणी अडवायचं. म्हणून सोडवता येईल असंच घ्या. थ्रीएम 5200 सारखं कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन हॅचच्या चौकटीला लावणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीला आजच शाप देणं. पॉलिसल्फाइड इथे उत्तम, फक्त सावकाश सुकतं. एमएस पॉलिमर हा आणखी एक प्रकार, तो लवकर कातडी धरतो (वरचा पातळ थर सुकतो) आणि उन्हातही टिकतो. ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबराची पट्टी, तर कधी सुकतच नाही, च्युइंगमसारखी मऊ राहते. चौकट सपाट आणि स्क्रू भरपूर असतील तर माझी पहिली पसंती तिलाच. मात्र ती एका दमात आवळायची नाही: थोडं आवळा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा थोडं, असं करत बाहेर आलेली कड कापून टाका. पेट्रोलने ती विरघळते, हेही लक्षात असू द्या.

सिलिकॉन या सांध्यात नको. त्याचा अंश डेकवर राहिला की पुढे रंग किंवा जेलकोट तिथे धरत नाही.

स्क्रू काढल्यावर भोकात काडी घालून बघा. काडी ओली, तपकिरी निघाली तर डेकच्या आतल्या बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायवूडमध्ये पाणी मुरलंय, आणि मग कुठलंही सीलंट हे वरवरचं औषध. भोक मोठं करून, आतला भाग वाळवून, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि मग नव्याने भोक पाडा. भोकाच्या तोंडाला किंचित खळगा केला की तिथे सीलंटची अंगठी बसते.

रबरी पट्टीला सीलंट लावायचंच नाही. नवी बंद पेशींची (पाणी न शोषणाऱ्या फोम रबराची) पट्टी घ्या, न ताणता बसवा, जोड बिजागरीच्या बाजूला ठेवा, कोपऱ्यात नको. पट्टी इपीडीएम जातीच्या रबराची असेल तर पेट्रोलियम जेली लावू नका, पट्टी फुगते.

जुनं काढणं

वेळ इथे जातो आणि इथेच जायला हवा. काच सोडवायला बारीक तार दोन्ही हातांत धरून करवतीसारखी ओढा. ॲक्रिलिकवर धातूची पाती नको, प्लास्टिकची खरवडणी वापरा. ॲसिटोन ॲल्युमिनियमवर चालतं, ॲक्रिलिकला लागलं तर जाळीसारखे तडे उमटतात. काचेची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने झटकन पुसून कोरडी करा.

चौकट साफ झाली असं वाटलं की तिच्यावर पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा राहिला तर ठीक. कुठे पाणी मागे सरून गोल थेंब झाले, तर तिथे जुनं सिलिकॉन किंवा तेल अजून आहे. डोळ्यांना काही दिसत नसलं तरी पुन्हा घासा.

भरताना

500 बाय 500 च्या काचेचा परीघ 2 मीटर. खालचा थर 15 मिलिमीटर रुंद, 3 जाड. कडेची फट 3 रुंद, 10 खोल. हिशेब 150 मिलिलिटरचा, म्हणजे 300 मिलिलिटरची एक ट्यूब पुरते. तिच्यावरची मुदत बघून घ्या, मुदत संपलेलं सीलंट कधीकधी आठवड्यानंतरही चिकटच राहतं.

दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. चौकटीत 3 मिलिमीटर जाडीचे रबराचे छोटे तुकडे ठेवा, म्हणजे काच दाबली तरी थर तेवढाच राहील. ट्यूबचं तोंड न उचलता सलग रेघ ओढा, रेघ तुटली की मध्ये हवा अडकते. काच एका कडेकडून हळूहळू टेकवा. मग कडेची फट भरा, गुळगुळीत करा आणि कातडी धरायच्या आत टेप ओढून काढा. पॉलियुरेथेन असेल तर हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा.

वरून सुकलं म्हणजे आतून सुकलं असं नाही. ही सीलंटं हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत सुकत जातात आणि स्ट्रक्चरल सिलिकॉनला पूर्ण पकड घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर हॅचवर पाय नको आणि झाकण दणकन आपटणं नको. मग पुन्हा तीच नळी, त्याच क्रमाने, खाली टिश्यू पेपर लावून.