ग्लासगोत कुणी 'हेन' म्हणालं तर

ग्लासगोत येऊन आठवडा व्हायच्या आत कुणीतरी तुम्हाला कोंबडी म्हणेल. रागावू नका.

मला पहिल्यांदा म्हणाली ती डंबार्टन रोडवरची भाजीवाली. 'व्हिट ये एफ्टर, हेन?' मी आधी मागे वळून पाहिलं, मग अंडीबिंडी कुठे मांडलीत का ते. ती एवढंच विचारत होती, 'काय देऊ गं बाई?'

आपल्याकडचा 'बाई' हाच याला सगळ्यात जवळचा शब्द. शाळेतल्या बाई, धुण्याभांड्याची बाई, 'अगं बाई!' आणि 'त्यानं बाई ठेवलीय', यातला फरक आपल्याला कुणी शिकवला नव्हता. हेनचंही तसंच, सुरावर सगळं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'चीअर्स' म्हणायचं (इथे सगळे म्हणतात, लाजू नका), की तो म्हणतो, 'ने बॉदर, हेन.' त्यात काही नाही. दवाखान्यात नर्स लांबवून 'ऑऽ, हेन' म्हणाली तर ती माया. पण वाक्याची सुरुवातच 'लिसन, हेन' अशी झाली, तर बोलणी खायची तयारी ठेवा.

ऑफिसात मात्र मीटिंगमध्ये एखादा पुरुष 'हेन' म्हणाला तर इथल्या बायकांनाही खटकतं. तुम्हालाही खटकलं तर आपणच बाऊ करतोय असं समजू नका. आणि आपण होऊन कुणाला म्हणायला जाऊ नका. मी अठरा वर्षांनंतरही फक्त शेजारच्या मांजरीला म्हणते.

'हेन डू' वेगळं. लग्नाआधी नवरीनं मैत्रिणींबरोबर केलेली धमाल. नवरीच्या अंगावर गुलाबी पट्टा आणि शिकाऊ ड्रायव्हरची लाल 'एल'ची पाटी. केळवण समजून पैठणी नेसून जाऊ नका. खर्च सगळ्याजणी वाटून घेतात, म्हणून हो म्हणायच्या आधी आकडा विचारा. माझं पहिलंच हेन डू एडिंबरात दोन रात्रींचं निघालं, आणि महिन्याच्या वाणसामानाचे पैसे त्यात गेले.

'बर्ड'शी गल्लत नको. 'मा बर्ड' म्हणजे माझी प्रेयसी. सहकारी मुलीबद्दल बोलताना तो शब्द तोंडातसुद्धा आणू नका.

आणि हे सगळं इथपुरतंच. न्यूकॅसलला गेलात की 'पेट' ऐकू येईल. माझा भाचा नॉटिंगहॅमला शिकायला गेला, तर दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन: 'मावशी, इथे दुकानदार मला बदक म्हणतोय!'