आधी विचारा, "कसं केलंस?"

शिक्षण सेवक म्हणून नवीन रुजू झालेली मुलं-मुली विचारतात, "बाई, चांगल्या शिक्षकाच्या अंगी काय काय लागतं?" डी.एड.च्या वहीत आम्हीही यादी उतरवली होती: संयम, प्रेमळपणा, वक्तशीरपणा, आदर्श आचरण. यादी खोटी नाही. पण परिपाठ संपतो, पहिली-दुसरी एकाच खोलीत समोर येऊन बसते, आणि यादीतलं नेमकं काय आधी काढायचं ते सुचत नाही. माझं विचाराल तर कुतूहल. मुलाचं उत्तर चुकलं की चिडण्याआधी 'याला हे सुचलं कसं?' असं मनात आलं पाहिजे. संयम त्याच्या मागून येतो. नुसता दातओठ आवळून धरलेला संयम दुपारच्या खिचडीपर्यंतही टिकत नाही.

तिसरीची वजाबाकी घ्या: ४२ वजा १७. बरीच मुलं उत्तर लिहितात ३५. लाल फुली मारू नका. पोराला जवळ घ्या आणि विचारा, "कसं केलंस, मला सांग की." तो सांगेल, "दोनातून सात जात नाहीत ना बाई, म्हणून सातातून दोन घालवले." म्हणजे त्याने विचार केलाय, स्वतःचा नियमही बसवलाय. त्याला आणखी दहा उदाहरणं दिलीत तर दहाही याच नियमाने चुकतील. त्यापेक्षा काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवा, "मला सतरा दे" म्हणा आणि गप्प बसा. तो एक गठ्ठा देईल, दोन सुट्या देईल, मग घुटमळून तुमच्या तोंडाकडे बघेल. इथे सांगून टाकायचा मोह फार होतो. आवरा. बहुतेक पोरं थोड्या वेळाने आपणहून दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढतात. फळ्यावरचा हातचा त्यानंतर.

आणि हो, "कसं केलंस?" हे बरोबर उत्तरवाल्यालाही विचारा. नाहीतर बाईंनी विचारलं म्हणजे चुकलंच, हे पोरं दोन दिवसांत ओळखतात.

'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिणारं मूलही असंच. कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास. ते ऐकलं तसं लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'साठी 'वीस एक' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा केवढी टिंगल झाली! टिंगल करणाऱ्यांनी पहिलीत आठवडाभर आकडे घालायला हवे होते.

बंजारा तांड्यावरचं पोर चित्रातली आई बघून 'याडी' म्हणालं, तर त्याचं उत्तर बरोबरच आहे. तसं सगळ्या वर्गासमोर म्हणा आणि मग शेजारी 'आई' लिहा. त्या पोराचा आवाज तिथून पुढे वर्गात ऐकू येतो.

न्यायीपणा मात्र स्वभावावर सोडू नका, त्याची सोय करून ठेवा. हात वर करणारी ठरलेली चार पोरं असतात, आपली नजरही तिकडेच जाते. काड्यांवर सगळ्यांची नावं लिहून डब्यात टाका आणि निघेल त्याला विचारा. कामं वाटताना झाडू मुलींकडे आणि घंटा मुलांकडे जात नाही ना, तेही बघा.

छडीबद्दल जास्त बोलत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छड्या बऱ्याच ठिकाणी गेल्या, टोमणे राहिले. "तुझ्या बापाला तरी येत होतं का" हे वर्गासमोर बोललं की ते पोर वर्षभर हात वर करत नाही. पालकच म्हणतील, "मारा बाई, आमची काही तक्रार नाही." त्यांना हसून नाही म्हणता आलं पाहिजे.

वेळेवर या, फळ्यावर अक्षर मोठं काढा. हे सांगायला नको.

शेवटचं फोनचं. पहिल्या दोन तासिका तो कपाटात राहू द्या. ग्रुपवर वरच्या कार्यालयाने माहिती 'तात्काळ' मागितलेली असते, पण मधल्या सुट्टीत भरली तरी चालते. अगदीच अडलं तर आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख स्वतः शाळेत येतील. आले की चहा द्या, आणि पहिलीचा वाचनाचा एक गट त्यांच्याकडे सोपवा.