पुराची गोष्ट मुलांना कशी सांगायची (आणि सांगून झाल्यावर काय करायचं)

उन्हाळी शिबिर असो, सोसायटीतला बालवर्ग असो, नाहीतर गणपतीतली एखादी संध्याकाळ, मुलं जमली की कोणीतरी हमखास म्हणतं पर्यावरणावर काहीतरी घ्या ना, आणि मग परत तेच, झाडाचं चित्र, प्लास्टिकचा राक्षस, दोन घोषणा आणि वेफर्सची पाकिटं. त्यापेक्षा सरळ पुराची गोष्ट घ्या. मत्स्यावतार म्हणा, नोहाचं तारू म्हणा, ही गोष्ट पोरं कान टवकारून ऐकतात, आणि त्यात पर्यावरणाचं जे आहे ते आत आधीच आहे, बाहेरून चिकटवावं लागत नाही. फक्त कसं सांगायचं यात बरेच जण गडबड करतात म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कुठली गोष्ट ते ठरवा

मत्स्यावताराची एकच गोष्ट नाहीये हे आधी लक्षात घ्या. सगळ्यात जुनी सापडते ती शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात, अगदी छोटी, दोन पानांत संपते. मनू सकाळी हात धुतोय, ओंजळीत एक बारका मासा येतो आणि म्हणतो मला सांभाळ, मी तुला वाचवेन. कशापासून? तर पूर येणारे, सगळं वाहून जाणारे. महाभारतात वनपर्वात हीच गोष्ट येते तेव्हा नावेत सप्तर्षी आणि सगळ्या प्रकारचं बियाणं असतं. भागवतात (आठवा स्कंध) मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत, नदी कृतमाला, आणि नाव माशाच्या शिंगाला बांधायला दोरी म्हणून वासुकी नाग.

लहान मुलांसाठी माझं मत विचाराल तर शतपथातली घ्या आणि तिला महाभारतातलं बियाणं जोडा, पण जोडलंय हे सांगून जोडा. यूट्यूबवरच्या कार्टूनमध्ये मनूच्या नावेत जिराफ आणि हत्तीच्या जोड्या दाखवतात ना, त्या जोड्या नोहाच्या तारवातून उचललेल्या आहेत, शतपथात नावेत मनू एकटा आहे. मोठी मुलं हे पकडतात आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. मराठी भाषांतर ग्रंथालयात मिळतं, एकदा शांतपणे वाचा, व्हॉट्सॲपवर आलेलं नको.

नोहाची घेणार असाल तर बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ६ ते ९ अध्याय, सगळे वाचा, फक्त पाऊस पडतो तेवढा भाग नाही. चाळीस दिवस पाऊस हे सगळ्यांना पाठ असतं, पण नवव्या अध्यायात देव जो करार करतो तो फक्त नोहाशी नाही, तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी करतो, आणि पर्यावरणाच्या बाजूने बघितलं तर ऐवज तिथेच आहे. कुराणात नूहची गोष्ट सूरह हूदमध्ये येते, तिथे जहाज जूदी डोंगरावर टेकतं. वर्गात सगळ्या घरची मुलं असतील तर दोन गोष्टी घ्या, पण "सगळे धर्म एकच सांगतात" हे वाक्य टाळा, कारण ते एकच सांगत नाहीत आणि गंमत फरकातच आहे.

सांगताना

माशाचं वाढणं हा गोष्टीतला सगळ्यात भारी भाग आणि लोक तो एका वाक्यात उरकतात. उरकू नका. मासा मनूला काय सांगतो बघा, आम्ही लहान असतो तोवर आमच्यावर फार संकटं, मासाच माशाला गिळतो, म्हणून मला आधी मडक्यात ठेव, मडक्यात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, तिथेही मावेनासा झालो की समुद्रात सोड, मग मला कोणी काही करू शकणार नाही. हे खडूने काढा. जमिनीवर आधी बोटाएवढा मासा, मग मुलांना सांगा कळशीएवढा काढा, मग बादलीएवढा, मग पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या जागेएवढा. शेवटच्या माशाला सगळी पोरं लागतात, शेपटी एकाकडे, कल्ले दुसऱ्याकडे, आणि शिंग विसरू नका कारण नाव त्यालाच बांधायचीये.

मग पुराच्या आधी थांबा. नाव तयार आहे, आता नावेत काय घ्यायचं हे मुलांना विचारा आणि फळ्यावर लिहीत जा. मोबाइल, चार्जर, मॅगी, कुत्रा, आजी, हे येणारच. काही खोडू नका. यादी झाली की विचारा, मॅगी संपल्यावर काय खाणार? तिथून बियाण्यावर कोणीतरी स्वतःच येतं, पाच मिनिटं लागोत की दहा, तुम्ही सांगू नका.

शेवट पण नीट सांगा. नाव उत्तरेच्या डोंगराला लागल्यावर मासा म्हणतो, नाव झाडाला बांध, आणि पाणी जसजसं उतरेल तसतसा तू खाली उतर, घाई करू नकोस. पूर ओसरल्यावर लगेच नदीकाठी परत जाऊन बसायचं नाही हे इतक्या जुन्या गोष्टीत लिहिलेलं आहे. आपल्याकडे पाणी उतरलं रे उतरलं की दुसऱ्या महिन्यात त्याच जागी शटर वर.

"देव कोपला" हे बोलू नका

हा मुद्दा मी जरा लांबवणारे कारण इथेच सगळं बिघडतं. सांगणारा शेवटी हमखास म्हणतो, माणसांनी झाडं तोडली, पाप केलं, म्हणून देव कोपला आणि पूर आला, मग आपण झाडं लावायची हं का! एक तर हे गोष्टीत नाही. शतपथात पूर का आला याचं कारणच दिलेलं नाही, येणार आहे एवढंच. भागवतातला प्रलय ब्रह्मदेवाची रात्र होते तेव्हाचा, म्हणजे ठरलेल्या वेळेचा. उत्पत्तीत कारण आहे पण ते माणसांनी पृथ्वी हिंसेने भरून टाकली हे. आणि मेसोपोटेमियातल्या अत्राहसिसच्या कथेत तर माणसांच्या गोंगाटाने देवाची झोपमोड होते म्हणून पूर, हे ऐकून वरच्या मजल्यावरच्यांची आठवण येते ते सोडा.

आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. समोर बसलेल्या पोरांत एखादं सांगलीचं, कोल्हापूरचं, चिपळूणचं असू शकतं. २०१९ ला किंवा २०२१ ला त्याच्या घरात पाणी शिरलं असेल, वह्या-पुस्तकं गेली असतील, गाळ उपसला असेल. तुम्ही पूर म्हणजे शिक्षा असं म्हणालात की त्याच्या डोक्यात काय बसणार, आमच्या घरच्यांनी काय पाप केलं? पुरात सगळ्यात आधी बुडतात ते नाल्याकाठचे आणि नदीकाठचे गरीब, ज्यांचा दोष सगळ्यात कमी असतो. शिक्षेची गोष्ट त्यांच्याच माथी मारली जाते. त्यामुळे पुराचं कारण गोष्टीतून काढू नका, खऱ्या पुरातून काढा.

त्यासाठी एक सोपा प्रयोग. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मोजपट्टी घ्या, भिंतीवर जमिनीपासून ९४४ मिमीवर खूण करा आणि लहान मुलांना शेजारी उभं करा, पाच वर्षांच्या मुलाच्या छातीच्या वर येते ती रेघ. मग दुसरी खूण २५ मिमीवर करा, बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी. मुंबईतली जुनी गटारं ताशी एवढ्याच पावसाच्या हिशोबाने बांधलेली. त्यात समुद्राला भरती, मिठी नदीचं पात्र भराव टाकून आवळलेलं आणि गटारांच्या तोंडाला प्लास्टिक. आता विचारा, यातलं आभाळातून काय आलं आणि आपण काय केलं? मुलं बरोबर दोन ढीग करतात.

मोठ्या मुलांसाठी पूररेषा घ्या. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशा नगरपालिकेत विचारा, मिळवायला दोन-तीन चकरा होतील, तयारी ठेवा. त्यावर आपली शाळा, आपली बिल्डिंग, नवीन मॉल शोधायला लावा. बाकी मला काही बोलायची गरज नाही, नकाशा बोलतो.

कोकणात असाल तर

कोकणात परशुरामाची गोष्ट लोकांना जास्त जवळची, त्याने बाण मारला, समुद्र मागे सरला आणि कोकण वर आलं, गोव्यात तर तो बाण बाणावलीला पडला म्हणतात. गोष्ट छानच आहे पण पर्यावरणाच्या कार्यक्रमात जपून वापरा, कारण समुद्र हटवून जमीन काढणं याला आज आपण भराव म्हणतो आणि त्यात पहिला बळी कांदळवनाचा जातो. नववी-दहावीची मुलं असतील तर नेमका हाच प्रश्न त्यांच्यापुढे टाका, देवाने जमीन काढली तर आपणही काढावी का? वाद घालू द्या. चिपळूणला परशुरामाचं देऊळ वर डोंगरावर आणि खाली वाशिष्ठी, २०२१ च्या पुरानंतर नदीतला गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले होते, हे तिथल्या मुलांना घरूनच माहीत असतं, त्यांच्याकडूनच ऐका.

वसईत असाल तर वेगळी सोय आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबल सोप्या मराठीत आणलं आणि त्यांनीच हरित वसईची चळवळ उभी केली, विहिरी, वाड्या, झाडं वाचवायला रस्त्यावर उतरले. नोहाची गोष्ट सांगून झाल्यावर घरातल्या मोठ्यांना विचारून या असं सांगा, आंदोलनात कोण कोण होतं, विहिरीचं पाणी तेव्हा कसं होतं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाने प्राण्यांवर सत्ता चालवावी असं आहे आणि दुसऱ्यात बागेची मशागत व राखण करावी असं, ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून काढायला लावा. १९६७ मध्ये लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने त्या पहिल्या वाक्यावर बोट ठेवून मोठा वाद उभा केला होता, तो वाद आजही चालू आहे, तर मुलांनी का घालू नये.

मग हाताने काय करायचं

गोष्ट संपली की लगेच "चला झाडे लावूया" नको. गोष्टीतलीच वस्तू उचला.

मासा उचललात तर मासळी बाजारात जा. लहान माशाला वाचव हे मनूचा मासा म्हणतो आणि महाराष्ट्र सरकारही म्हणतं, २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिलीये, त्यापेक्षा लहान पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. यादी प्रिंट काढा, मुलांना एक पट्टी द्या, आणि आधी कोळीण मावशींना विचारा मोजू का म्हणून. त्यांच्यावर पोलीसगिरी करायला जायचं नाही हं, बारीक आसाची जाळी कोण वापरतं हे त्याच सांगतील, आणि चिमुकली पापलेटं तळायला छान म्हणून मागतं कोण, तर आपणच. पावसाळ्यात १ जूनपासून साधारण दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, ही दोन्ही तिथेच विचारायची.

जमलं तर सहल काढा. महाडजवळ वाळण कोंड आहे, काळ नदीचा डोह, त्यातले महाशीर मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. वाडा तालुक्यात तिळसे, वैतरणेकाठी तिळसेश्वराचं देऊळ, तिथेही तसंच. मोठाले मासे पायाशी येतात, मुलं वेडी होतात. खायला काय द्यायचं ते गावकऱ्यांना विचारा, कुरकुरे आणि ब्रेड नाही, आणि लाह्यांची प्लास्टिक पिशवी परत खिशात.

बियाणं उचललात तर ते सगळ्यात सोपं आणि स्वस्त. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, बीजमाता म्हणतो आपण, २०२० ला पद्मश्री, त्यांनी गावरान वाणांची बँक घरातून सुरू केली. त्यांचा एखादा व्हिडिओ दाखवा. मग प्रत्येक मुलाने घरून किंवा गावाहून एक बी आणायचं, वाल, घेवडा, दोडका, दुधी, काहीही, फक्त दुकानातलं पाकीट नको, ते बऱ्याचदा हायब्रीड असतं आणि पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. वेलावर एक चांगलं फळ मुद्दाम सोडायचं, पूर्ण वाळू द्यायचं, बी काढून सावलीत सुकवायचं, दाताखाली कट्कन तुटलं की सुकलं. मग चाळलेली राख मिसळून मडक्यात नाहीतर काचेच्या बरणीत, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. चिठ्ठी लावायची, वाणाचं नाव, कुठून आणलं, कोणी दिलं, कधी. चिठ्ठी नाही तर बी असून नसल्यासारखं, पुढच्या जूनला कोणालाच आठवत नाही काय आहे ते.

सीडबॉलचा (बी घातलेले मातीचे गोळे) मोह आवरा प्लीज. ट्रिपला जाऊन माळावर वाट्टेल त्या झाडाचे गोळे फेकले की फोटो छान येतो, पण गवताळ माळ हा रिकामा नसतो, तिथे माळढोक-तणमोर हे पक्षी राहतात, चिंकारे राहतात, त्यांना झाडी नको असते.

दोन अडचणी येतीलच

एक म्हणजे कोणीतरी काका उभे राहतात आणि म्हणतात ही गोष्ट आपली, त्यांनी चोरली, किंवा उलट. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथला मातीच्या पाटीवर नोहासारखीच पुराची गोष्ट वाचायला मिळाली, तेव्हापासून कोणी कोणाची घेतली हे पंडित भांडतायत. काकांना सांगा चहा घेऊ आणि बोलू, मुलांसमोर नको. तसंच नाव अमुक डोंगरावर सापडली, मत्स्यावतार म्हणजे डार्विनची उत्क्रांतीच, असलं काही आलं तर गोष्ट आहे, गोष्ट म्हणून ऐकू म्हणायचं आणि पुढे जायचं.

दुसरी, वेळ. लोक हा कार्यक्रम ५ जूनला ठेवतात कारण पर्यावरण दिन, पण बियाणं जमवायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, वेल वाळतात तेव्हा गोष्ट सांगा, म्हणजे जूनला हातात पेरायला काहीतरी असेल. पूररेषेच्या नकाशासाठी अर्ज तर त्याच्याही आधी टाकून ठेवा, आणि पोचपावती घ्या.