गठ्ठा सुटला म्हणजे जनुक चालू झालं? या चुका टाळा

सोलापुरात क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, शिकवायचं म्हटलं की चादर तोंडी येणारच. वर्गात कुणाचे आजोबा मागावर होते, कुणाच्या घरी अजून खटखट चालू असते. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले: गठ्ठ्यात बांधलेल्या चादरीची नक्षी दिसत नाही, उलगडली की दिसते. तसंच डीएनए घट्ट गुंडाळलेला असला की जनुक बंद, सैल झाला की चालू. पोरांना लगेच पटतं. मग एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिका घेऊन बसलं की कळतं, बऱ्याचशा चुका आपल्याच या चादरीतून निघाल्यात.

पाया सगळे बरोबर लिहितात. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो, आणि त्याला मावायचं असतं जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गोळ्याभोवती डीएनएच्या १४७ बेसजोड्यांचे (अक्षरांच्या जोड्यांचे) पावणेदोनच्या आसपास वेढे, हा झाला न्यूक्लिओसोम. ही रचना मांडली रॉजर कॉर्नबर्ग यांनी, १९७४ मध्ये. इथपर्यंत पूर्ण गुण. घोळ त्याच्या पुढे.

उघडं म्हणजे चालू नव्हे

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. चादर उलगडली की नक्षी दिसतेच, तिला आणखी काही करावं लागत नाही. जनुकाचं तसं नसतं. प्रमोटरवरची (जनुकाच्या सुरुवातीच्या, ते चालू करणाऱ्या भागावरची) जागा मोकळी झाली म्हणजे फक्त पाऊल ठेवायला वाव मिळाला. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुक चालू-बंद करणारी प्रथिनं) यायला हवेत, आरएनए पॉलिमरेज (जनुकाची आरएनए नक्कल काढणारं एन्झाइम) बसायला हवं, आणि बसून पुढे सरकायलाही हवं. सस्तन प्राण्यांच्या कितीतरी जनुकांवर पॉलिमरेज काही डझन बेस पुढे जाऊन तिथेच थबकलेलं असतं. माग सज्ज, उभे धागे भरलेले, जकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवलेली, आणि वीज गेलेली, असं समजा. हल्ली मी गठ्ठ्याऐवजी जकार्डचंच उदाहरण देते. धागे सगळे असतातच, त्यातला कुठला कधी उचलायचा एवढंच पुठ्ठ्यांवरची भोकं ठरवतात. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच असतो, हेही त्यात आपसूक येऊन जातं.

भ्रूणाच्या मूलपेशींमध्ये तर एकाच प्रमोटरवर चालू जनुकाची खूण आणि गप्प जनुकाची खूण (हिस्टोनांवर चिकटलेले छोटे रासायनिक गट) शेजारी-शेजारी सापडते. हे २००६ मध्ये समोर आलं. ही जनुकं तेव्हा जवळपास गप्पच असतात, पण पेशीने आपली वाट ठरवली की झटकन एका बाजूला कलतात. ‘चालू की बंद’ एवढे दोनच रकाने आखणाऱ्या उत्तरात हे बसवणार कुठे?

उलटी चूकही होते: बंद जागेत कुणालाच शिरता येत नाही. यकृत घडताना फॉक्सए नावाची प्रथिनं न्यूक्लिओसोमवर गुंडाळलेल्या डीएनएलाच जाऊन धरतात. त्यांच्यामागून येणारी यंत्रणा एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून न्यूक्लिओसोम सरकवते, कधी काढूनच टाकते. त्यामुळे ‘आधी गठ्ठा सुटतो, मग कामगार येतात’ असा क्रम ठोकून देऊ नका. कधी कधी कामगारच येऊन गठ्ठा सोडतो.

मिथिल कुठे बसलाय ते लिहा

‘ॲसिटिलेशन चालू, मिथिलेशन बंद.’ म्हणजे ॲसिटिल गट चिकटला की जनुक चालू, मिथिल गट चिकटला की बंद. हे वाक्य गाइडमधून आलंय, तिकडेच परत पाठवा. पहिली गोष्ट, डीएनएवरचा मिथिल गट सायटोसीन या बेसवर बसतो आणि हिस्टोनवरचा लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांवर. हे दोन निराळे रेणू, निराळी एन्झाइमं. प्रमोटरपाशी सायटोसीनवर मिथिल दाटले की जनुक बहुधा गप्प बसतं, हे खरं. हिस्टोनचा हिशेब मात्र जागेवर ठरतो. एच३ हिस्टोनच्या ४ नंबरच्या लायसिनवर तीन मिथिल गट असतील तर ती जागा सहसा चालू जनुकाचा प्रमोटर असते. तेच तीन गट ९ किंवा २७ नंबरवर असले की जागा बहुधा गप्प. ३६ नंबरवर असले तर त्या जनुकावरून पॉलिमरेज धावत गेल्याची खूण.

असं का, हे एका ओळीत लिहिलंत तर तपासणारा खूश होतो. ॲसिटिल गट लायसिनचा धन भार घालवतो, म्हणून ऋण भाराच्या डीएनएवरची पकड ढिली पडते. मिथिल गट भार बदलत नाही. ती खूण कुठलं प्रथिन येऊन वाचतं, त्यावर परिणाम ठरतो.

आकृतीबद्दल थोडक्यात. न्यूक्लिओसोमांच्या माळेचा ३० नॅनोमीटर जाडीचा तो सुबक पीळ परीक्षानळीत दिसतो, पण जिवंत पेशीच्या केंद्रकात सर्रास तसा सापडलेला नाही. काढायचाच असेल तर खाली तसं लिहा. आणि मादीच्या पेशीतलं दुसरं, गप्प केलेलं एक्स गुणसूत्र ‘संपूर्ण बंद’ लिहू नका. त्याला गप्प करणारं झिस्ट हे जनुक त्या बंद एक्सवरच चालू असतं.

शिडी दिसली म्हणून पेढे वाटू नका

आता प्रात्यक्षिक. मटणाच्या दुकानातून आणलेल्या कलेजीतून केंद्रकं काढायची, मायक्रोकॉकल न्यूक्लिएज (दोन न्यूक्लिओसोमांमधला डीएनए कापणारं एन्झाइम) टाकायचं आणि तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर साधारण २०० बेसजोड्यांच्या पटीत पट्ट्यांची शिडी बघायची. कमी कापलं तर डीएनए जेलच्या वरच्या खाचेपाशीच अडकतो, जास्त कापलं तर १४७ च्या आसपास एकच पट्टा उरतो. दोन्ही दुरुस्त करता येतं, वेळ कमी-जास्त करा.

आमची फजिती वेगळीच झाली. एप्रिलची दुपार, पारा चाळिशीच्या वर, कलेजी साध्या कॅरीबॅगमधून आलेली, त्यात वीज अर्धा तास गायब. जेलवर झकास शिडी आली. पोरं फोटो काढायला धावली. मग एकीने दाखवलं, ‘मॅडम, एन्झाइम न टाकलेल्या नळीतपण आहे की!’

यकृताच्या केंद्रकात स्वतःचंच एक न्यूक्लिएज (डीएनए कापणारं एन्झाइम) असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ऊब मिळाली की ते कामाला लागतं. गंमत म्हणजे १९७३ मध्ये ह्युइश आणि बर्गोइन यांनी उंदराच्या यकृतात ही शिडी प्रथम दाखवली तीच या घरच्या एन्झाइमच्या जिवावर. आमची चूक त्यांच्या शोधाच्या वाटेवरची होती, पण प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये तसं लिहून गुण मिळत नाहीत. तेव्हा कलेजी दुकानातूनच बर्फात आणा, केंद्रकं धुताना बफरमध्ये ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) असू द्या आणि कॅल्शियम अगदी शेवटी घाला. कंट्रोल (तुलनेच्या नळ्या) दोन ठेवा: एक सुरुवातीलाच ईडीटीए टाकून थांबवलेला, दुसरा कॅल्शियम आहे पण एन्झाइम नाही असा. दुसऱ्यात शिडी आली तर बाकीच्या नळ्या विसरा.

आणि शिडीवरून कुठलं जनुक चालू होतं ते सांगू नका. ती साऱ्या जीनोमची सरसकट गोळाबेरीज आहे. एकेका जनुकाचं बोलायचं तर ते जनुकच शोधावं लागतं. १९७६ मध्ये वाइनट्रॉब आणि ग्राउडिन यांनी तसं केलं: कोंबडीच्या लाल रक्तपेशींत डीएनेज-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने ग्लोबिनचं (हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाचं) जनुक भराभर कापलं, अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिन या प्रथिनाचं नाही.

हे ऐकून एक उत्साही पोरगा दुसऱ्या दिवशी बाटलीभर रक्त घेऊन हजर. बर्फात, झाकण घट्ट, सगळं सांगितल्याप्रमाणे. कुठून आणलं विचारलं तर म्हणाला, ‘मटणवाल्याकडून, बोकडाचं.’ सस्तन प्राण्याच्या पक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं. त्याला कोंबडीवाल्याकडे पिटाळला.